पाणी उतरलं की दिसणारं गाव

दादाचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया उलथत होते.

"यंदा पानी लय खाली गेलं वं," तो म्हणाला. "देवळाचा ओटा उघडा पडला. शाळेचा पाया दिसून राह्यला. जुने लोकं येऊन राह्यले पाहाले."

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो अजून नव्या गावठाणात राहतो आणि पाण्याच्या वर राहिलेली शेती करतो. दर उन्हाळ्यात त्याचा असा फोन येतो, दर उन्हाळ्यात मी आईला विचारते, आणि ती नाही म्हणते. गाव धरणात गेल्यापासून आई कधी त्या पाण्याकाठी गेली नव्हती. बाबा गेल्यावर ती माझ्याकडे वर्ध्याला आली, बोरगाव मेघेच्या या घरात रुळली, पण गावाचा विषय निघाला की उठून आत जायची. या वेळी मी विचारलंही नव्हतं. ती जिन्याच्या तोंडाशी भिंत धरून उभी होती. फोनवरचं बोलणं तिच्या कानावर गेलं असावं.

"मले घेऊन चाल," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "सुभद्रा येनार हाये का, विचार त्याले."

सुभद्राकाकू आमची शेजारीण. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत होती, आणि त्या भिंतीत दिवा ठेवायचा एक आरपार कोनाडा. त्यातून मीठ जायचं, विस्तव जायचा, मुलांच्या तक्रारी जायच्या. गाव उठलं तेव्हा काकू मुलाकडे कारंजाला गेल्या. हायवेवर त्याचा ढाबा आहे. आधी लग्नाकार्यात दोघींची गाठ पडायची. पुढे दोघींचे गुडघे गेले आणि काकूंचे कानही गेले, तेव्हा फोनचाही उपयोग उरला नाही. कित्येक वर्षं दोघींनी एकमेकींना पाहिलं नव्हतं.

दादाने चौकशी केली. काकूंचं नक्की सांगता येत नाही, तब्येत बरी नसते, असा निरोप आला. तरी आईने दुसऱ्या दिवशी सकाळीच केसांना तेल लावलं आणि पेटीतलं ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं.

गाडीत आई खिडकीशी बसली होती. पुलगाव मागे पडलं, रोहण्याचा फाटा गेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी शेतं तापत पडली होती. त्या काळ्या मातीला उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की लहानपणी आमची गोटी एकदा आत गेली की गेलीच. आम्ही पालथे पडून भेगेला डोळा लावायचो. आतून गार, जुना वास यायचा. वरची माती पायाला चटके द्यायची आणि हातभर खाली तो गारवा. जमिनीच्या आत वेगळा ऋतू आहे, असं मला तेव्हा वाटायचं.

आमचं गाव वर्धा नदीच्या उंच काठावर होतं. नदीत उतरायच्या वाटेवर काळ्या खडकाची लांबरुंद फरसबंदी होती, कोणी न बांधलेली. पाच-सहा कोनांचे दगड एकाला एक लागून, मध्ये बोट जाईल इतकी फट. अख्खा काठ कासवाच्या पाठीसारखा दिसायचा. बायकांचे धुण्याचे दगड ठरलेले होते. आईचा आणि सुभद्राकाकूंचा शेजारी शेजारी. आम्हा पोरांचेही दगड ठरलेले, ती आमची घरं. माझ्या घराला सहा कोपरे होते याचा मला फार तोरा होता, कारण दादाच्या घराला पाचच. दुपार कलली की त्या खडकाचा एक वास सुटायचा, तापलेल्या तव्यावर पाण्याचा शिपका मारल्यासारखा. त्यात साबणाचा, शेवाळाचा आणि पलीकडच्या टरबुजाच्या वाडीचा वास मिसळायचा. संध्याकाळी आंघोळ करून आम्ही ओल्या अंगाने त्यावर लोळायचो. दिवसभराचं ऊन दगडात साठलेलं असायचं, ते पाठीत शिरायचं. आपण एखाद्या मोठ्या, झोपलेल्या जनावराच्या पाठीवर पडलोय आणि ते सावकाश श्वास घेतंय, असं वाटून मी हळूच दगडाला कान लावायचे.

नदी खाली आणि शेत वर, त्यामुळे शेताला पाणी नव्हतं. बाबांनी विहीर खणायला घेतली तेव्हा मी चौथीत असेन. विहिरी खोदणारी एक टोळी दरवर्षी आमच्या भागात यायची, त्यांचा मुकादम रामजी. दिवाळीनंतर शेताच्या कडेला त्यांची पालं पडली. आईच्या हातचं जेवण त्यांना आवडायचं, म्हणून भाकरी आमच्याकडून जायची. सुभद्राकाकू कोनाड्यातून पीठ सरकवायच्या आणि स्वतःही थापायला यायच्या. काकू डावऱ्या होत्या. त्यांची भाकरी उलटी फिरायची, आणि आई त्यावरून त्यांना रोज चिडवायची.

विहीर खाली जाऊ लागली तशी जमीन पानापानाने उघडत गेली. आधी पुरुषभर काळी माती. मग चुनखडीचे पांढरे खडे मिसळलेली पिवळी. मग मुरूम, हातात घेतला की भुगा होणारा. आणि मग काळा पत्थर. त्याच्यापुढे पहारी वाकल्या. सुरुंग लावायला सुरुवात झाली. सुरुंगाच्या दिवशी रामजी शेतावरून मोठ्याने आरोळी द्यायचा, आया पोरांना ओढून घरात घ्यायच्या, गुरंसुद्धा कान टवकारायची. एक क्षण काहीच नाही. मग पायांखालची जमीन दचकायची, आवाज नंतर यायचा. सुरुंगाच्या दारूचा कडवट वास गावभर पसरायचा आणि कोणाच्या तरी टिनावर दगडांचा सडा पडायचा. मी आईच्या पदरात तोंड खुपसून बसायचे, पण पुढच्या सुरुंगाची वाटही मीच बघायचे.

काळा पत्थर संपेना. थंडी गेली, होळी झाली. विहिरीच्या काठावर दगडांचा डोंगर उभा राहिला आणि तळ कोरडा ठणठणीत. एके संध्याकाळी बाबा काठावर बसून राहिले ते उठेचनात. मग घरी येऊन म्हणाले, "बंद करू. नशिबात नाई आपल्या."

आई चुलीशी होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "अखाजीपावतर खोदा," ती म्हणाली. अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. "मंग बंद करा."

"अन् मंगही काळाच पत्थर निंगाला तं?"

"तं मी काही म्हननार नाई."

कोनाड्यातून सुभद्राकाकूंचा आवाज आला, "आमची बैलजोडी न्या भाऊजी उद्यापासून. दगड वढाले कामी येईन." बाबा हसले. दोन बायकांनी मिळून ठरवलेलं त्यांना मोडता येत नसे.

त्यानंतरची एक सकाळ मला अजून स्पष्ट दिसते. आदल्या दिवशीच्या सुरुंगाचा धूर बसला होता. रामजी खाली उतरला. बाबा वरून विचारत राहिले. मग दोराला टोपली बांधून त्याने वर पाठवली. काळ्या दगडाखाली भाजलेल्या विटेसारखी तांबड्या मातीची पट्टी लागली होती, आणि तिच्याखाली राखाडी-पांढरा दगड. टोपलीत त्याचे तुकडे होते. आईने एक तुकडा तांब्यातल्या पाण्याने धुतला, पदराने पुसला, आणि तिचा हात थांबला.

दगडात शंख होते. अंगठ्याच्या नखाएवढे, काही त्याहून लहान, एकमेकांवर सांडल्यासारखे, शेकडो. अंगाला वेढे, टोकाला बारीक टोच. काही फुटलेले होते आणि त्यांच्या पोटात साखरेसारखे खडे चमकत होते. शंखाच्या आकाराचा दगड नव्हे, शंखच दगड झालेले.

घटकाभरात सगळं गाव काठावर जमलं. कोणी म्हणालं, इथं समुद्र होता. कोणी म्हणालं, "मंग! उगीच त्या गावाले समुद्रपूर म्हनतात का?" एका आजोबांनी गिरडच्या टेकडीवरच्या जायफळासारख्या गोल दगडांची, फकिराने व्यापाऱ्याचा माल दगड केला ती गोष्ट काढली. कोणी हळदीकुंकू वाहिलं. आमच्यापैकी कोणीही समुद्र पाहिलेला नव्हता. आमच्या गावापासून समुद्र इतका लांब की त्याबद्दल कोणी काहीही सांगावं. दादाने एक शंख कानाशी धरला आणि आवाज येतो म्हणून शपथेवर सांगितलं. मग सगळेच रांगेने ऐकू लागले. बाबांनीही ऐकलं.

सुभद्राकाकूंनी एक तुकडा उन्हाकडे धरून निरखला. "हे पाह्य वं," त्या आईला म्हणाल्या, "याचे येढे डावीकडून हायेत. माह्यासारखेच डावरे हायेत हे." खरंच, ते सगळे डाव्या वळणाचे होते. दोघी इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. पण हसू ओसरल्यावर आई तो दगड मांडीवर घेऊन बसली आणि बोटाने एकेक वेढा गिरवत म्हणाली, "कोनाचं तरी घरच हाय नं हे. आपल्या आधी इथं कोनी राह्यत होतं."

त्या पांढऱ्या थराच्या बुडाशी पाणी लागलं. अखाजी अजून लांब होती. आधी दगडाला नुसता घाम आला. दुसऱ्या दिवशी थेंब. मग एका दुपारी खालून रामजीचा असा आवाज आला की बाबा धावत सुटले. त्यांना वाटलं, कोणी दगडाखाली सापडलं. विहिरीच्या चारी अंगांनी, पांढरा थर आणि त्याच्याखाली पुन्हा लागलेला काळा पत्थर यांच्या सांध्यातून, पाणी झिरपत होतं. जणू विहिरीला कमरपट्टा घातलाय आणि तो गळतोय. टोळीतली माणसं घोटाभर पाण्यात उभी राहून वर बघत होती आणि वरची आम्ही सगळी खाली. पहिली घागर आईने आणि काकूंनी मिळून ओढली. पाणी गढूळ होतं, त्याला मातीची आणि चुन्याची चव होती. मी ओंजळभर प्यायले आणि मला वाटलं, हे त्या शंखांच्या समुद्राचं पाणी, आमच्यासाठी राखून ठेवलेलं.

पुढे वर्ध्याला कॉलेजात भूगोल घेतला, तेव्हा कळलं की तो समुद्र नव्हता. ते तळं होतं. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटली आणि तापलेला रस सगळ्या मुलखावर पसरला. थिजला. मग कितीतरी काळ गेला. त्या थिजलेल्या काळ्या दगडावर पाऊस पडला, माती झाली, खोलगट जागी पाणी साचलं, काठाला गवत आलं, पाण्यात गोगलगायी आल्या. आणि मग पुन्हा जमीन फाटली. रस पुन्हा आला, मातीला विटेसारखं भाजत तळ्यावरून गेला. आमचा नदीकाठचा कासवपाठीचा खडक हा तो रस थिजताना आकसून तडकलेला. त्या दिवशी वर्गात मी पुढचं काही लिहून घेतलं नाही. विहिरीतलं पाणी त्या तळ्याचं नव्हतं, आमच्याच पावसाचं होतं, फटीफटीतून उतरलेलं, हेही कळलं. तरी सुट्टीत गावी गेल्यावर मी विहिरीच्या पायरीवर बसून, तो थर दिसायचा तिथवर वाकून पाहिलं. दोन आगींच्या मध्ये एक तळं शांत पडलं होतं, आणि त्याच्या काठावर आमची मोट चालली होती.

मी आईला सगळं सांगितलं. तिने तांदूळ निवडता निवडता ऐकलं. "मंग त्याह्यले कोनी सांगतलं नसन," ती म्हणाली, "उठा म्हनून."

आम्हाला मात्र सांगितलं. धरण झालं. घरांची दारं, चौकटी, कौलं, आढी निघाली आणि ट्रॅक्टरवर बसून गेली. भिंती तशाच उभ्या राहिल्या, डोळे काढल्यासारख्या. पाणी नदीकडून येईल म्हणून सगळे तिकडे तोंड करून होते. ते मागून आलं, नाल्यातून, आवाज न करता. दादा सांगतो, जमिनीवर पाणी पोचायच्या आधी आमची विहीर भरत गेली. शंखांचा थर बुडाला, काळा पत्थर बुडाला, मुरूम बुडाला, आणि विहीर काठोकाठ झाली तेव्हा बाहेरचं पाणी अजून दोन शेतं लांब होतं. बाबा काठावर उभे होते. त्यांनी वाकून हाताने पाण्याला स्पर्श केला आणि घरी आले. नव्या गावठाणात ते फार राहिले नाहीत.

नव्या गावठाणाशी दादा गाडीत बसला आणि त्याने ती धरणाच्या काठापर्यंत नेली. नव्या गावचे लोक आता या पाण्याला समुद्रच म्हणतात. संध्याकाळी "समुद्रावर" जाऊन बसतात, मासे आणतात, पाहुण्यांना लाटा दाखवतात. पण त्या दिवशी समुद्र लांब, खाली, चमकत्या पट्टीसारखा पडला होता. त्याने सोडलेली जमीन भेगाळलेल्या गाळाची होती, करड्या रंगाची, आणि त्यात आमचं गाव होतं. भिंती वितळून गेल्या होत्या. दगडी पाये तेवढे उरले होते, घोट्याएवढे, कुठे वीतभर. गाळात पाऊल टाकलं की खाली काहीतरी चरचरायचं. मी वाकून पाहिलं. गोगलगायींचे रिकामे शंख होते, नवे, पांढरे, हजारोंनी, अर्धे गाळात रुतलेले. गल्लीत, शाळेच्या पायात, देवळाच्या ओट्याशी. गाळ वाळून त्यांच्याभोवती घट्ट होत चालला होता. माझ्या अंगावर काटा आला. दादा म्हणाला, "काय झालं वं?" मी एक शंख उचलून त्याच्या हातावर ठेवला. एक थर माझ्या डोळ्यांदेखत बसत होता, आणि आम्ही त्यात होतो.

आई त्यावर थांबली नाही. माझा हात धरून ती चालत राहिली. बरेच लोक आले होते, म्हातारे, त्यांची मुलं, सुना. आणि मला हळूहळू एक गोष्ट दिसू लागली. कोणीही भिंती ओलांडत नव्हतं. सगळं मोकळं मैदान, पाये घोट्याएवढे, लहान मूलही टांग टाकून जाईल असे. पण माणसं गल्लीगल्लीतून वळसे घेत होती. देवळाला वळसा, मग चावडीवरून डावीकडे. आईनेही मला तसंच नेलं. मध्येच ती एका रिकाम्या जागेशी अंग चोरून चालली, आणि मला आठवलं, तिथे एका मारकुट्या म्हशीचा गोठा होता.

आमच्या घराशी ती आली. उंबरठ्याचा दगड जागेवर होता. तिने त्याला हात लावून कपाळाला लावला, पण आत गेली नाही. मान वळवून पलीकडे पाहत राहिली. शेजारच्या घरात, चुलीची जागा होती तिथे, कोणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची टाकली होती. खुर्चीत एक वाळकी म्हातारी पाठमोरी बसली होती, डोक्यावर पदर. बाजूला एक सूनबाई छत्री धरून उभी होती.

आईने माझा हात सोडला. ती हाका मारत बसली नाही, काकूंना ऐकू आलं नसतं. मधली भिंत म्हणजे एक दगडांची ओळ होती, पाऊल उचललं की पलीकडे. आई ती ओलांडून गेली नाही. ती गल्लीत परत वळली, कोपऱ्यापर्यंत गेली, वळसा घालून काकूंच्या दाराशी आली. हळूहळू, गुडघा धरत. मी छत्रीवाल्या सूनबाईला हाताने थांबण्याची खूण केली.

आई समोर जाऊन उभी राहिली. काकूंनी वर पाहिलं. डोळ्यांवर मोतीबिंदूची साय होती. खूप वेळ त्या पाहत राहिल्या. आईने त्यांचा डावा हात उचलून आपल्या गालावर ठेवला.

"इतका उशीर काऊन केला वं?" सुभद्राकाकू म्हणाल्या.

"आली नं," आई मोठ्याने म्हणाली. "आली ना आता."

"बस. च्या ठेवतो."

सूनबाई हसली आणि तिने थर्मासमधला चहा काढला. पण काकूंनी तो हातात घेऊन स्वतः आईला दिला. आई खाली बसली, चुलीच्या दगडाला टेकून. मग दोघी बोलू लागल्या. निम्मं काकूंना ऐकू येत नव्हतं, निम्मं आईला आठवत नव्हतं, पण बोलणं कुठे अडलं नाही. कोणाला कुठे दिलं, कोण गेलं, कोणाला नातू झाला. माझ्या घरात दिवसदिवस गप्प बसणारी आई हातवारे करून सांगत होती. ऊन चढलं. गाळाचा ओला वास, चहाचा वास, लांबून येणारा पाण्याचा वारा. आसपासच्या दगडी पायांत अशीच माणसं बसली होती, आपापल्या घरात. सगळ्या गावातून बोलण्याचा हलका गुणगुणाट येत होता, जसा पूर्वी जेवणं झाल्यावर यायचा. मी उंबऱ्यावर बसून ऐकत राहिले. आत जावंसं वाटेना, बाहेरही.

बऱ्याच वेळाने दादा येऊन म्हणाला, चला, ऊन लागेल. आई उठली. सूनबाईने काकूंना धरून उभं केलं. त्यांना खुर्चीतून निरोप द्यायचा नव्हता. दारापर्यंत यायचं होतं. दार म्हणजे दगडांच्या दोन ओळींमधली एक फट, बाकी सगळं आभाळ. काकू तिथे उभ्या राहिल्या, एक हात हवेत वर धरून. चौकटीला टेकायची जुनी सवय.

"येजो वं," त्या म्हणाल्या.

"येतो," आई म्हणाली.

काकूंच्या घराचं दार फार बुटकं होतं. आईने पदर सावरला, मान खाली वाकवली, आणि ती बाहेर आली. तिच्या मागून मी निघाले, तेव्हा मीही वाकले.